जयूताईंचा पाण्याचा नेम

"तहान लागली की मला भीती वाटते," जयूताई पोतनीस एकदा म्हणाल्या होत्या. म्हणाल्या त्या नवऱ्याला, सकाळच्या चहाच्या वेळी, स्वतःचा अर्धा कप चहा सिंकमध्ये ओतता ओतता. विनायकराव वीज मंडळातून रिटायर झालेले, बोलायची हौस असलेले. लोक वाघाला भितात, सासूला भितात, तहानेला भिणारी बाई आपण पहिल्यांदाच बघतो आहोत, असं काहीसं ते म्हणाले. जयूताई हसल्या नाहीत. त्यांनी कप धुतला, पालथा घातला, आणि नेहमीच्या सवयीनं मागे हात नेऊन साडी चाचपून पाहिली. कोरडी होती.

उज्जैनच्या फ्रीगंजात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आहे. पोतनीसांचे कोणी पूर्वज कधीकाळी दरबारच्या खजिन्यावर होते, म्हणून हे आडनाव. त्या दरबारातलं आता घरात एक समई आहे आणि मराठी आहे, तीही निम्मी हिंदी. स्वतः जयूताई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. सुरुवातीची वर्षं ट्रंक कॉलच्या बोर्डावर. समोर बारीक दिव्यांच्या रांगा. दिवा लागला की दोर उचलायचा, खोचायचा, दोन अनोळखी माणसांना जोडून द्यायचं. बोर्ड सोडून उठायचं तर दुसरीला विनवावं लागे, आणि बायकांचा संडास आवाराच्या टोकाला, लाइनमन लोक विड्या ओढत बसत त्या खोलीसमोरून जावं लागे. जयूताई उठतच नसत. सकाळी सातला बसल्या की दुपारी दोनला. हिच्या पोटात देवानं टाकी बसवून दिली आहे, असं बाकीच्या मुली म्हणत. जयूताईंना त्याचा अभिमान होता. शरीराला नाही म्हणता येतं, हे त्या तिथे शिकल्या.

चाळिशीत साखर निघाली. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, मग मुंग्याही गेल्या. चप्पल पायातून सुटून मागे राहिली तरी कळेना. पायांची काळजी घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं आणि त्यांनी घेतली. पण शरीरातला आणखी एक दिवा त्याच सुमाराला विझला होता, त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. लघवीला लागणं बंद झालं होतं. सकाळी एकदा जाऊन यायचं, रात्री एकदा, तेही आठवलं म्हणून. पन्नाशीनंतर बायका तक्रार करतात की सारखं जावं लागतं. जयूताईंना वाटे, आपल्याला एक्स्चेंजची सवय आहे. दिवा लागत नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही, असंच त्या धरून चालल्या.

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी त्या देवास गेटहून रिक्षानं घरी निघाल्या होत्या. देवाच्या पालखीचा, सवारीचा दिवस, रस्ते वळवलेले, बाहेरगावच्या बसेस एकमेकींना लागून उभ्या. रिक्षा पाऊण तास जागची हलली नाही. रिक्षावाला उतरून कोणाशी तरी गप्पा मारत होता. परत येऊन बसताना त्यानं मागे पाहिलं आणि म्हणाला, "आंटी, आपकी बोतल लीक हो रही है क्या?"

जयूताईंनी खाली पाहिलं. सीटवरून थेंब थेंब पायाशी पडत होता. त्यांना काहीही कळलं नव्हतं. ओलंही नाही, गरमही नाही. आपल्याच शरीरातून काही निघून जातं आहे आणि आपल्याला त्याचा निरोपही नाही, ही गोष्ट त्यांना एखाद्या अपघातासारखी आदळली. त्या म्हणाल्या, हो, बोतल आहे. पिशवीत बाटली नव्हती. रिक्षावाल्यानं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाटली होती. स्टीलची, झाकण जरा ढिलं असलेली, काठोकाठ भरलेली. ती पिण्यासाठी नव्हती. कधी साडी ओली दिसलीच, तर दाखवायला होती. आणि साड्या आता काळ्याच, ओल दिसू नये म्हणून.

आणि त्या दिवसापासून त्यांनी पाणी कमी केलं. हिशोब त्यांना सरळ वाटला: कमी भरलं तर कमी सांडेल. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, संध्याकाळी घरी आल्यावर एक पेला, तोही दार लावून बसल्यावर. गळणं थांबलं नाही. मग तेही कमी केलं. मोठ्या माणसांच्या, ओल शोषणाऱ्या चड्ड्या मिळतात हे त्यांना टीव्हीवरून ठाऊक होतं. फ्रीगंजातला औषधवाला ओळखीचा, म्हणून त्या देवास गेटला जाऊन घेत, हिंदीत मागत, आणि दुकानदारानं विचारलं नसताना सांगत की सासूबाईंसाठी हव्या आहेत. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

सगळ्यांत मोठी भीती वासाची होती. कोणी पंखा वाढवला, कोणी उठून खिडकी उघडली, की जयूताईंच्या मानेवर घाम येई. त्या लोकांची नाकं बघू लागल्या. माणूस बोलताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता नाकाकडे बघायचं, हे काही महिन्यांत त्यांच्या अंगवळणी पडलं. विनायकरावांना त्यांनी सांगितलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांची किती आजारपणं काढली होती; पण हे आजारपण आहे असं जयूताईंना वाटतच नव्हतं. ही शिक्षा आहे असं वाटे, आणि कशाची ते आठवत नसे.

मराठी बायकांचं एक स्तोत्रमंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी एका छोट्या हॉलमध्ये जमतात. मंडळ चालवतात सुनंदावहिनी मुजुमदार, गोऱ्या, भारी आवाजाच्या, मनानं उदार, आणि एकदा मनात घेतलं की न ऐकणाऱ्या. या वर्षी आषाढी एकादशीला त्या प्रत्येकीला विचारत होत्या, यंदा चातुर्मासात काय सोडलं? कार्तिकीपर्यंत चार महिने काहीतरी आवडीचं सोडायचं, असा नेम. कोणी कांदा सोडला होता, कोणी चहातली साखर. एकीनं वांगं सोडलं होतं.

"वांगं तुला आवडतच नाही ना गं," सुनंदावहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच तर. नेम मोडायचं टेन्शन नको," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पन्ह्याचे पेले फिरत होते. जयूताईंनी पेला घेतला नाही. पाणी पुढे केलं, तेही नाही. त्या सतरंजीवरही बसल्या नव्हत्या, बाजूला उघड्या फरशीवर बसल्या होत्या. सतरंजीवर डाग राहतो, फरशी पुसता येते. सुनंदावहिनींनी पेला हातात धरून त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"जयूताई, मी कितीतरी दिवस बघतेय. तुम्ही बाहेर पाण्याचा थेंब घेत नाही. जमिनीवर बसता. नेम केलाय ना? सूर्य असेपर्यंत पाणी नाही?"

सगळी नाकं त्यांच्याकडे वळली होती. जयूताईंना एक दार उघडं दिसलं आणि त्या आत गेल्या.

"हो," त्या म्हणाल्या.

इतकंच. पण त्या एका शब्दानं त्यांचं आयुष्य चार महिन्यांसाठी बांधलं गेलं. आता कोणी पाणी विचारत नव्हतं, ही सोय झाली. पण बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. भर दुपारी इतक्या उकाड्यात, बिलकुल पाणी नाही, असं एकमेकींना सांगू लागल्या. वाळलेल्या ओठांचं, खोल गेलेल्या डोळ्यांचं तेज कोणाकोणाला दिसू लागलं. विनायकरावांच्या कानावर बाजारात आलं. घरी येऊन ते म्हणाले की आपल्या घरात साध्वी राहते हे आपल्याला भाजीवाल्याकडून कळावं, हे बरं नाही. ते चिडवत होते, पण आवाजात थोडा आदरही होता. जयूताईंना त्या आदराचीच जास्त भीती वाटली.

श्रावणात सुनंदावहिनी एकट्याच घरी आल्या. त्यांची मुलगी तेजस्विनी पाचव्या महिन्यात होती. आधीचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यातच गेले होते. हा टिकला. सुनंदावहिनींनी मनातल्या मनात महिने मोजले होते आणि त्यांना वाटत होतं की धोक्याचे दिवस सरले ते नेमकं जयूताईंचा नेम सुरू झाल्यावर. त्यांनी जयूताईंचे हात धरले आणि अर्धा तास रडल्या. जाताना म्हणाल्या, फक्त कार्तिकीपर्यंत सांभाळा. नेम मोडू नका.

त्या गेल्यावर जयूताई बराच वेळ दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आता सांगायचं कोणाला आणि काय? खोटं होतं तोवर ते त्यांचं एकटीचं होतं. आता त्याच्या आत एक मूल होतं.

भाद्रपदात गौरी उठल्या त्या दिवशी जयूताईंना थंडी वाजून ताप भरला. दात वाजू लागले, शब्द तोंडातून वाकडे निघू लागले. विनायकरावांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं, तेव्हा त्यांचा हात ओला झाला आणि एका क्षणात त्यांना वर्षभराचं सगळं कळलं: काळ्या साड्या, बाटली, फरशी, सिंकमध्ये ओतलेला चहा. रिक्षात त्यांनी स्वतःची शाल काढून बायकोच्या मांडीवर घातली.

उज्जैनात मूत्रविकाराचे डॉक्टर मोजके. विनायकराव ज्याच्याकडे घेऊन गेले तो आल्हाद मुजुमदार, सुनंदावहिनींचा मुलगा. जयूताई वर्षभर याच कारणानं त्या पायऱ्या चढल्या नव्हत्या.

आल्हादनं सोनोग्राफी केली. मग सिस्टरनं नळी घातली. मापाच्या भांड्यात लघवी पडू लागली आणि पडतच राहिली, गढूळ, उग्र. जवळजवळ एक लिटर. जयूताई छताकडे बघत होत्या. इतकं ओझं उतरलं तरी हलकं वाटलं नाही, कारण जड वाटलंच नव्हतं.

ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आल्हाद खुर्ची ओढून बसला. लहानपणी तो त्यांच्या मांडीवर खेळलेला. त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. साखरेनं पायांच्या नसा गेल्या तशा मूत्राशयाच्याही गेल्या. पिशवी भरली हे मेंदूला कळत नाही, आणि पिशवीला आकसायची ताकद नाही. ती कायम भरलेली राहते आणि जे जास्त होतं ते वरून सांडतं. जयूताई जे गळताना बघत होत्या ते फक्त काठावरचं होतं. पाणी तोडून काही साधलं नाही. साचलेलं नासलं, ताप आला, आणि मागे दाब जाऊन दोन्ही किडन्या फुगल्या.

"नसा परत येतील?" विनायकरावांनी विचारलं.

बहुतेक नाही, आल्हाद म्हणाला. इंदूरला एक तपासणी करून घेऊ, पिशवीचा दाब मोजतात, पण रोजचं काम बदलणार नाही. दर चार तासांनी, लागलं न लागलं तरी, स्वतःच्या हातानं बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची. साखर ताब्यात ठेवायची. आणि दिवसभरात थोडं थोडं करून दोन लिटर पाणी. एवढं केलं तर किडन्या सावरू शकतात. नाही केलं तर पुढच्या वर्षी आपण डायलिसिसबद्दल बोलत असू.

मग त्यानं विनायकरावांना औषधं आणायला पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, आईनं मला तुमच्या नेमाबद्दल सांगितलंय. खरं सांगा, नेम आहे की भीती?"

जयूताईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "तिला सांगू नकोस."

"मी कोणालाच सांगत नाही. पण तेजूचं बाळ तुमच्या पाण्यावर नाही. दोनदा का गेलं ते आम्हाला सापडलंय, इंजेक्शन चालू आहेत. आईला ते पटत नाही, तो भाग वेगळा."

नळी घालायला शिकवलं सिस्टरनं, एक जाडजूड, हसऱ्या डोळ्यांची बाई. हात साबणानं धुवा, आरसा इथे ठेवा, घाबरून श्वास रोखू नका. "डरने का काम नहीं आंटी, अपना ही शरीर है," ती म्हणाली. जयूताईंना ते खरं वाटलं नाही. आरशात दिसत होतं ते त्यांनी अठ्ठावन्न वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी नळी तीनदा टाकून द्यावी लागली. चौथ्या दिवशी जमलं. दुखलं नाही. न दुखण्याचीच त्यांना शिसारी आली.

घरी विनायकरावांनी बाथरूममध्ये एक फळी ठोकली, नळ्या, जेल, मापाचं भांडं ठेवायला. मोबाइलमध्ये गजर लावले: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. गजर वाजला की ते म्हणत, "बोर्डावर दिवा लागला हो." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा जयूताईंना रडू आलं. मग सवय झाली. चड्ड्या कोरड्या राहू लागल्या. आठवडाभर कुठेही सांडलं नाही. घरात त्या पाणी पिऊ लागल्या, आणि पाण्याला चव असते हे त्यांना आठवलं.

पण बाहेर नेम होता. मंडळात, देवळात, कोणाकडे हळदीकुंकवाला, सूर्य असेपर्यंत थेंब नाही. गुरुवारी दुपारी दोनचा गजर त्या बंद करून ठेवत. पिशवी घेऊन हॉलमागच्या संडासात जायचं तर वाटेत बायका बसलेल्या. दहा मिनिटं लागणार, आत साबण नाही, पिशवीत काय आहे असं कोणी विचारलं तर? मग त्या संध्याकाळपर्यंत तशाच बसत. घरीही कोणी ना कोणी दर्शनाला यावं तशी येई, आणि पाण्याचा पेला पडद्यामागे जाई. आल्हादला त्यांनी सांगितलं की सगळं वेळेवर चालू आहे.

नवरात्रातल्या एका दुपारी तेजस्विनीचं डोहाळजेवण ठरलं, मंडळाच्याच हॉलमध्ये. त्या सकाळी आल्हादचा फोन आला. महिन्याभरानंतरचा रक्ताचा रिपोर्ट हातात होता.

"मावशी, किडनीचं क्रिएटिनिन उतरायला पाहिजे होतं. वाढलंय. तुम्ही कुठेतरी चुकवताय."

जयूताई म्हणाल्या, हो, बघते. त्यांनी फोन ठेवला. विनायकराव पेपर वाचत होते. त्यांना सांगावं असं वाटलं. पण त्यांच्या हातातला पेपर हलत नव्हता, पानही उलटलं जात नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मी येऊ का बरोबर?" बायकांचा कार्यक्रम आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीत नळी, जेल, साबणाची वडी ठेवली. स्टीलची बाटली भरली. सवयीनं झाकण ढिलं ठेवलं, मग का कोण जाणे, घट्ट केलं.

हॉलमध्ये फुलांचा झोपाळा केला होता. तेजस्विनी हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, हसत होती आणि मधूनच हात पोटावर नेत होती. बायकांनी गाणी म्हटली. पेढा का बर्फी हे झालं, तिनं पेढा उचलला आणि गलका झाला. जयूताई फरशीवर बसल्या होत्या. दोन वाजून गेले होते. पिशवीतला फोन मुका होता. आपल्या आत काहीतरी भरत चाललं आहे, कळत नाही पण भरत चाललं आहे, हे त्यांना आता माहीत होतं, आणि माहीत असणं हे न कळण्याहून वाईट होतं. जेवणाचे डबे पोचवायला आलेला आल्हाद दारात उभा होता.

ओटी भरून झाल्यावर सुनंदावहिनींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. समोर ताम्हन ठेवलं, पाण्यानं भरलेला गडवा, पळी. त्या म्हणाल्या, आपल्या जयूताईंनी तीन महिने दिवसाउजेडी पाणी प्यायलं नाही. आज त्या या नेमाचं अर्धं पुण्य तेजूच्या बाळाला देणार आहेत. मी हातावर पाणी घालीन, त्यांनी ते ताम्हनात सोडायचं आणि म्हणायचं, दिलं. मागे कोणीतरी डोळ्यांना पदर लावला.

हे जयूताईंना कोणी आधी विचारलं नव्हतं.

त्या उठून पुढे आल्या. तेजस्विनी नमस्काराला वाकू गेली, पण तिला वाकता येईना म्हणून स्वतःच हसली आणि जयूताईंचा हात घेऊन तिनं आपल्या पोटावर ठेवला. आत काहीतरी हललं. लहान, आंधळं, जिवंत. जयूताईंच्या तळहाताला ते स्वच्छ कळलं. कितीतरी दिवसांनी शरीराकडून त्यांना निरोप आला होता, आणि तो दुसऱ्याच्या शरीरातून. त्यांची भीती एकदम सगळी वर आली. या बाळाला द्यायला त्यांच्याकडे काय होतं? वर्षभराची लाज, दोन सुजलेल्या किडन्या आणि एक 'हो'. ते पाण्याबरोबर ताम्हनात सोडायचं आणि म्हणायचं, दिलं. नाही दिलं, आणि उद्या या मुलीला काही झालं, तर या खोलीतली प्रत्येक बाई मरेपर्यंत त्यांच्याकडे बघेल. आल्हाद म्हणाला होता, बाळ तुमच्या पाण्यावर नाही. तो डॉक्टर होता. त्यांना त्याचं पटत होतं आणि पुरत नव्हतं.

"हात पुढे करा, जयूताई," सुनंदावहिनी म्हणाल्या. पळी भरलेली होती.

जयूताईंनी हात पोटावरून काढला. पुढे केला नाही. खांद्यावरची पिशवी पुढे घेतली, तिच्यात हात घालून स्टीलची बाटली काढली आणि झाकण फिरवलं. घट्ट होतं, दोनदा फिरवावं लागलं. मग बाटली ओठांना लावली. पहिला घोट घशात अडला. दुसरा गेला. पाणी त्यांच्या हनुवटीवरून गळ्यावर आलं, पोलक्यावर सांडलं, पण त्या थांबल्या नाहीत. खिडकीत ऊन लख्ख होतं. हॉलमध्ये फक्त गिळण्याचा आवाज होता. अर्धी बाटली संपली, तेव्हा त्यांनी ती खाली घेतली.

सुनंदावहिनींच्या हातातली पळी कलली आणि पाणी त्यांच्याच पायांवर पडलं. "जयूताई," त्या इतक्या हळू म्हणाल्या की तो त्यांचा आवाज वाटला नाही, "हे काय केलंत?" तेजस्विनीनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते. दारातला आल्हाद त्या बाटलीकडे बघत होता.

जयूताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. या वेळी नाकांकडे नाही, डोळ्यांकडे. काही सांगायचं असेल तर ती वेळ होती. त्यांनी बाटलीला झाकण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली, आतल्या नळीचं पाकीट आहे ना ते बाहेरूनच चाचपून पाहिलं, आणि बायकांच्या मधून, सतरंजीवरून चालत, हॉलच्या मागच्या दारानं संडासाकडे गेल्या.